पुढचं पान

कोथरूडच्या प्रदर्शनात शाल्मलीताईंच्या स्टॉलवर बायकांची झुंबड होती. मुलांच्या जुन्या गोष्टींच्या पुस्तकांची पानं कापायची, त्यांवर रेझिन ओतायचं आणि कानातली, पेंडंट करून विकायची, हा त्यांचा उद्योग. मागे मोठा फलक होता: 'वाचनसंस्कृती जपू या.' एवढ्या पुस्तकांवर कात्री चालवल्यावर ती जपायची वेळ येणारच म्हणा.

माझी दुसरीतली जोया एका पेंडंटवर बोट ठेवून मोठ्याने वाचू लागली, "अस्वलाने पेटी उघडून पाहिली, तर आत..."

ती थांबली. पेंडंट तिथेच संपलं होतं.

"मावशी, पेटीत काय होतं?"

"काय की गं. मी कुठे वाचत बसू?" शाल्मलीताई दुसऱ्या गिऱ्हाइकाला आरसा दाखवत म्हणाल्या. "हे घालायचं असतं, बेटा."

"मग पुढचं पान कुठंय?"

"त्याची कानातली केली होती, सकाळीच गेली."

जोयाचे डोळे भरून आले. तेव्हा कुठे ताईंना दया आली. तिच्या गालाला हात लावत त्या म्हणाल्या,



"रडू नको. घरी त्या पुस्तकाची अजून एक अख्खी प्रत आहे. कापू तुझ्यासाठी?"