पाच ईसीजी

"तुम्ही पाचजण एकमेकांचे कोण?" डॉ. पद्मजा आगाशे यांनी विचारलं.

"कुणी नाही मॅडम," तेजस म्हणाला. "एका प्रोजेक्टवर आहोत."

"मामेभाऊ, मावसभाऊ, काही?"

"नाही."

डॉक्टरांनी टेबलावरचे पाच ईसीजी जवळ ओढले. पुन्हा एकदा पाहिले.

"पाचही जणांच्या हृदयाचा स्नायू जाड झाल्याची शंका येते आहे. हा आजार घराण्यातून येतो. प्रोजेक्टमधून आलेला मी तरी पाहिलेला नाही."

कसबा पेठेतल्या त्या दवाखान्यात पाच धडधाकट तरुण एका बाकावर दाटीवाटीनं बसले होते. हिंजवडीहून इथवर यायला त्यांना जेवढा वेळ लागला, तेवढ्यात माणूस विमानानं दिल्लीला पोचतो. संध्याकाळी कंपन्या-कंपन्यांतल्या फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना होता. कंपनीचे ईसीजी याच डॉक्टरांकडे तपासायला येत आणि त्यांनी सकाळी फोनवर बजावलं होतं की, पाचांपैकी कुणीही धावायचं नाही, आधी इथे यायचं.

"आणि खेळलो तर?" साईनं विचारलं.

"बहुतेक वेळा काही होत नाही. एखादे वेळी मुलगा धावता धावता पडतो आणि उठत नाही. आधी कळवण्याची पद्धत या आजारात नाही."

पाचजणांनी एकमेकांकडे पाहिलं. साईला हसू आलं. मग तेजसला. मग बाकच हलायला लागला. इतकं वाईट ऐकून इतक्या मोकळेपणानं हसणारे रुग्ण डॉक्टरांच्या पाहण्यात नव्हते.

"मॅडम, हे ईसीजी आमचे नाहीतच," तेजस म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. गेल्या वर्षी दुसऱ्या एका कंपनीचा मुलगा मैदानात कोसळला होता. तेव्हापासून प्रत्येक खेळाडूला ईसीजी सक्तीचा झाला. तपासणी कँटीनमध्ये ठेवली होती आणि नेमकं त्याच आठवड्यात अमेरिकेतल्या क्लायंटचं काम पुरं करून द्यायचं होतं. अशा वेळेसाठी कंपनीत कासिम होता. कासिम बेंचवर होता, म्हणजे पगार चालू आणि प्रोजेक्ट नाही. ज्याला काम नाही त्याच्याकडे सगळ्यांचीच कामं येतात. दुसऱ्यांची कार्डं दाराला टेकवून तो त्यांची हजेरी लावायचा, दुसऱ्यांच्या नावानं ट्रेनिंगला बसायचा. त्यानंच या पाचांची कार्डं नेली आणि आठवडाभर रोज एकाच्या नावानं पडद्यामागे जाऊन आडवा झाला. मशीनवरचा माणूस रोज वेगळा होता. तोच असता तरी बिघडलं नसतं. त्याला कार्ड बघायचं असे आणि छाती बघायची असे. मधला चेहरा त्याच्या कामाचा नव्हता.

"कुणालाही सांगितलं तरी हसून पडेल, मॅडम," साई म्हणाला.

"पडेल," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्हा पाचजणांची तपासणी झालेलीच नाही, यात हसण्यासारखं काय, ते मला सवडीनं समजावून सांगा. हा कासिम आत्ता कुठे आहे?"

बाक हलायचा थांबला. तेजसनं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"मैदानावर," तो म्हणाला. "आम्ही इकडे आलो, माणसं कमी पडत होती. तो कधी खेळत नाही, कडेला बाटल्या सांभाळत बसतो. मीच म्हटलं, आज माझ्या नावानं उतर."

डॉक्टरांनी त्याच्या हातातल्या मोबाइलकडे बोट केलं.

रिंग बराच वेळ वाजली. तेजसनं स्पीकर चालू केला. पलीकडे शिट्टी ऐकू आली, आरडाओरडा ऐकू आला, आणि मग कासिम.

"बोल."

"कासिम, उतरू नकोस."

"बाहेरच बसलोय. बूट घातलेत. नाड्या बांधल्या नाहीत अजून. तुझ्याच फोनची वाट बघत होतो."

तेजसनं डॉक्टरांकडे पाहिलं. "म्हणजे तुला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं रे. माझा मोठा भाऊ असाच गेला. ग्राउंडवर. मी शाळेत होतो. त्यानंतर अम्मीनं घरात बॉल येऊ दिला नाही."

"मग स्वतःच्या नावानं काढायचा ना ईसीजी, गाढवा. डॉक्टरकडे जायचं सरळ."

"मंदी चालू आहे, यार. बेंचवरच्या माणसाच्या हृदयात काही निघालं की बेंचही कमी, आजारीही कमी, एचआरची दोन कामं एकदम उरकतात. आणि स्वतःच्या नावानं एकदाच निघाला असता. एकदा काय, मशीनही चुकतं. तुमच्या नावांनी पाचदा निघाला."

डॉक्टरांनी फोनसाठी हात पुढे केला.

"तेजस," पलीकडून कासिम म्हणाला, "पाचातला एक तरी चांगला आलाय का? आला असेल तर सांग. नाड्या बांधतो."