गाढवाचा उतारा

"गाढव नदीवर गेले. गाढव पाणी प्यायले नाही. पाणी गढूळ होते."

प्लायवूडच्या पडद्यापलीकडून हे सकाळपासून विसाव्यांदा ऐकू आलं आणि मोठ्या बाईंच्या तोंडातला चहा कडू झाला. कपात साय तरंगत होती. त्यांनी ती बोटाने काढली, भिंतीला पुसली आणि समोरच्या पोरांवर उगाचच खेकसल्या.

पलीकडे तिसरीचा वर्ग. पहिली-दुसरीत ही मुलं मोठ्या बाईंच्याच हाताखाली होती. दोन वर्षं त्यांनी घसा कोरडा केला, पण अर्ध्या वर्गाला अक्षराला अक्षर जोडता येईना. तसं त्यांनी प्रगतिपुस्तकांवर स्पष्ट लिहूनही ठेवलं होतं. आणि आता सहा महिन्यांत म्हणे झाडून सगळा वर्ग वाचायला लागला! काल-परवा आलेल्या नव्या बाईंनी जादूची कांडीच फिरवली जणू.

उद्या तपासणीला साहेब येणार होते. तिसरीचं वाचन त्यांना पटलं, तर साऱ्या शाळेचं वाचन नव्या बाईंच्या हाती जाणार होतं. म्हणजे नोकरीच्या सव्विसाव्या वर्षी मोठ्या बाईंनी बाकावर बसायचं आणि त्या पोरीकडून वाचन शिकवायला शिकायचं.

मधल्या सुट्टीत त्या तिसरीत डोकावल्या. ओल्या मोज्यांचा वास अंगावर आला. चार पोरांत मिळून एक कार्ड, वर गाढवाचं चित्र, खाली नव्या बाईंच्या ठळक अक्षरातला उतारा. कार्डाच्या डोक्याकडच्या बाजूला मुकी बसली होती. हे नाव मोठ्या बाईंनीच ठेवलेलं. दोन वर्षांत त्या मुलीचं नाक तेवढं वाहिलं, तोंड कधी उघडलं नाही. कार्ड तिच्या बाजूने चक्क उलटं होतं. तरी तिची गाडी धडाधड सुटली होती, नदीवरून थेट गढूळ पाण्यापर्यंत.

"पाठ झालेलं दिसतंय पोरांना," मोठ्या बाई म्हणाल्या.

नव्या बाई हसल्या. "एकच उतारा पुन्हा पुन्हा घेते हो. आधी जिभेवर बसतो, मग डोळ्यांत बसतो."

"आणि उद्या साहेब कोणता घेणार?"

"हाच. मुख्याध्यापकांनी तसं कळवलंय."

किती सहज सांगावं! लाज कशी ती नाहीच. मोठ्या बाई तरातरा मुख्याध्यापकांच्या खोलीत गेल्या. ते बिस्किट खात होते. मिशीत चुरा अडकला होता. थुंकी लावलेल्या बोटाने ते अहवालाची पानं उलटत होते.

"सर, ही शुद्ध फसवणूक आहे. मुलांना ओ की ठो येत नाही. नुसती पोपटपंची चाललीय."

"अहो बाई, मुलं वाचतायत ना? मग झालं तर. साहेब खूश, आपण खूश. तुम्ही कशाला नसती उठाठेव करताय?" त्यांनी पुन्हा बोट जिभेला लावलं.

मोठ्या बाईंना शिसारी आली. त्या बोटाची, त्या बिस्किटाची, सगळ्या शाळेचीच. आणि हे असंच चालू दिलं, तर त्यांच्या सव्वीस वर्षांवर बोळा फिरणार होता.

शाळा सुटल्यावर त्यांनी तिसरीच्या कपाटातून गाढवाचं एक फाटकं कार्ड काढलं. त्यावरचं गाढव कापून तसल्याच जाड पुठ्ठ्यावर चिकटवलं. तशीच निळी किनार ओढली. खाली तशाच ठळक अक्षरात दोन ओळी लिहिल्या. गाढव दिसलं की पोरं ठरलेलं घडाघडा म्हणून मोकळी होणार. मग फक्त कार्ड साहेबांपुढे धरायचं. एक शब्द बोलायची गरज नव्हती.

कार्ड पिशवीत घालून त्या बाहेर आल्या, तर व्हरांड्यात सूचना फलकासमोर मुकी उभी. ओठ सारखे हलत होते.

"काय चघळतेस गं? थुंक ते आधी!"

मुकीने घाबरून ओठ मिटले आणि धूम ठोकली.

दुसऱ्या दिवशी साहेब तिसरीत बसले. सगळे शिक्षक भिंतीला टेकून उभे होते. मुख्याध्यापक हात चोळत होते.

"कुणाचं वाचन घेऊ?"

"हिचं घ्या." मोठ्या बाईंनी मुकीला दंडाला धरून पुढे आणलं आणि आपलं कार्ड तिच्या हातात कोंबलं.

नव्या बाईंचा चेहरा पडला. "साहेब, ती फार बुजरी आहे, दुसऱ्या कुणाला..."

"नको, हीच वाचू दे," साहेब म्हणाले.

कशी जिरली, मोठ्या बाई मनात म्हणाल्या.

मुकीने कार्डाकडे पाहिलं. मग नव्या बाईंकडे पाहिलं. परत कार्डाकडे. मागच्या बाकावर कुणीतरी खुसखुसलं. मोठ्या बाईंनी मनातल्या मनात तिला ढकललं: म्हण की गं, गाढव नदीवर गेले!

मुकीने पहिल्या शब्दाखाली बोट ठेवलं.

"या वर्गा... वर्गातल्या एकाही मुलाला वाचता येत नाही. बाई सगळं पाठ करून घेतात."

मुख्याध्यापकांचे हात चोळायचे थांबले. मुकीने बाहीला नाक पुसलं आणि कार्ड मोठ्या बाईंसमोर धरलं.

"बाई, 'करून'मधल्या र ला दुसरा उकार असतो. तुम्ही पहिला दिलाय."