कोरं अंडं

यंदा ईस्टरची, बदाम-साखरेच्या मार्झिपॅनची अंडी सुनेने, रसिकाने, केली होती. रेमेदीबाईंच्या हातात आयसिंगचा कोन धरण्याइतकंही बळ उरलं नव्हतं.

नाहीतर वसईच्या त्या घरात प्रत्येकाच्या अंड्यावर नाव घालायचा मान त्यांचाच. पाळण्यातल्या पोरालासुद्धा नावाचं अंडं मिळे. हिंदू घरातून आलेल्या रसिकाला मात्र कोरं. पहिल्या वर्षी तिने भीत भीत विचारलं, तर सगळ्यांसमोर हसून त्या म्हणाल्या, "पुढच्या वर्षी बघू." मग दरवर्षी तेच उत्तर.

दुखणं आल्यावर त्यांचं हगणंमुतणं काढलं ते तिनेच. यंदाचा पावसाळा निघणं कठीण आहे असं डॉक्टर म्हणाले, तेव्हाही खोलीत त्या दोघीच होत्या. "पोरांना कळू देऊ नकोस," अशी रेमेदीबाईंनी शपथ घातली. तिने ती पाळली.

आज जेवताना तिने इंद्यालच्या रश्श्यात बुडवलेला पावाचा मऊ घास सासूला भरवला, ओठ पुसले आणि अंडं हातात दिलं. रेमेदीबाईंनी ते उलटसुलट करून पाहिलं. कुठेच काही नव्हतं.

"माझं नाव गं?"

रसिका सगळ्यांसमोर गोड हसली.

"पुढच्या वर्षी बघू, आई."