बदली खेळाडू

क्लबच्या शेडमधली ताडपत्री अध्यक्षबाईंनी ओढली आणि गेथिनच्या तोंडून शिवीच निघाली. हेच ते गवत कापायचं मशीन! तो ऐन उमेदीत खेळत असताना, वेल्समधल्या या लिंबूटिंबू फुटबॉल क्लबने याच मशीनच्या बदल्यात त्याला शेजारच्या क्लबला देऊन टाकलं होतं. पुढे प्रत्येक मैदानावर प्रेक्षक त्याला पाहून “घर्रर्र” ओरडायचे.

आता गुडघे कामातून गेल्यावर तो मैदान राखायचं काम मागायला परत आला होता.

“अजून चालतं हे?”

“एकही सामना चुकवला नाही त्याने. तू?”

चिडून त्याने दोरी खेचली. मशीन पहिल्याच झटक्यात सुरू झालं. कट्कन वाजला तो त्याचा गुडघा.

“जपून रे,” बाई म्हणाल्या. “हे बिघडलं, तर नव्या मशीनच्या बदल्यात तुला आता कोण घेतंय?”