विचारपूस

छाया लोखंडेने चौथ्यांदा टाइप केलं, 'पोलिसांनी माझ्या भावाला बदडलं.' पोस्ट झाली तेव्हा वाक्य होतं, 'पोलिसांनी माझ्या भावाची विचारपूस केली.' मारलं, चोपलं, कुटलं यांचंही प्रत्येक पोस्ट तपासून बदलणाऱ्या शासनाच्या शुद्धलेखन यंत्राने तेच केलं होतं.

"राहू दे, छाये," शेजारी बसलेला भाऊ म्हणाला. त्याचा हात प्लास्टरमध्ये होता.

पोस्टखाली कुणीतरी खवचटपणे लिहिलं, 'बघा, किती प्रेमळ पोलीस!'

छायाने उत्तर दिलं, 'हो ना! इतकी विचारपूस केली की हात दोन ठिकाणी मोडला.'

ते जसंच्या तसं छापून आलं. यंत्राचाच शब्द, यंत्र खोडणार कसं?

संध्याकाळपर्यंत चारशे जणांनी लिहिलं. कुणाच्या दोन दातांची विचारपूस झाली होती, कुणाच्या म्हाताऱ्या बापाची भर चौकात.

दुसऱ्या दिवशी दारात हवालदार उभा राहिला. "ताई, चौकीवर चला. साहेबांना तुमची जरा वि..."

तो थांबला. जिन्यात जमलेले शेजारी त्याच्या तोंडाकडे बघत होते.

"बोला की, हवालदार," छाया म्हणाली. "दुसरा शब्द सापडेपर्यंत मी काही येत नाही."