हळदी उजेड

सदाशिव खरमाटेंच्या मानेत अकरा, काखांत सात आणि जांघांत पाच, अशा एकूण तेवीस गाठी सुजल्या होत्या. डॉ. ऋजुताने त्या दोनदा मोजल्या, खिडकीचे पडदे ओढले आणि उजेड देणाऱ्या पेशींची सुई टोचली. गाठीत कर्करोग असला, तर या पेशी निळ्या उजळत. आधीच्या दोन्ही डॉक्टरांनी कर्करोगच सांगितला होता.

काखेतली एक गाठ कातडीखालून उजळली. मग मानेतल्या, मग सगळ्याच. पिवळ्याधमक.

"मला पुन्हा हळद लावली की काय?" खरमाटे म्हणाले.

"गप्प बसा हो," त्यांच्या पत्नी कमलताई कशाबशा बोलल्या. "मॅडम, पिवळं म्हणजे वाईट का?"

"कर्करोग नाहीये." ऋजुता म्हणाली. "लाखांत एखाद्याला होणारा आजार आहे हा. अंगातलं एक प्रथिन वाढतं आणि गाठी फुगवतं; ते भेटलं की या पेशी पिवळ्या उजळतात. त्याला अडवणारं औषध आहे आपल्याकडे."

"मग मुहूर्त कसला बघताय? द्या की," खरमाटे म्हणाले.

औषध शिरेतून गेलं. तासाभराने मानेतली एक गाठ मंदावली, पाठोपाठ तिच्या शेजारची. ऋजुताने पुन्हा रक्त घेतलं आणि जवळजवळ धावतच रक्ततपासणीचं यंत्र गाठलं. प्रथिन औषधाआधीच्या एकशे चाळीसवरून एकसष्टवर आलं होतं.