फुगलेली नळी

थोरल्या लेकीचं लग्न झालं, त्या साली सायकल दुरुस्त करणाऱ्या भिकोबांच्या पोटातली शीर फुगल्याचं निघालं.

डॉक्टरांनी चित्र काढलं. "ही मुख्य रक्तवाहिनी काळजातून निघून छातीतून पोटात उतरते, बेंबीपाशी दोन पायांकडे फाटे फुटतात. फाट्याच्या वरच फुगलीय. फुटली तर खेळ संपला. पोट उघडून तेवढी नळी बदलू."

भिकोबा घाबरले. "ठिगळ मारून भागवा की."

"गिऱ्हाइकाला काय सांगता हो?" बायकोनं विचारलं. "फुगलेल्या ट्यूबला ठिगळ टिकत नाही, नवीच टाक. ते खोटं होतं का?"

खोटं म्हणावं तर धंद्याची अब्रू जाते, खरं म्हणावं तर पोट फाडतात. भिकोबांनी अब्रू राखली. "बदला. पण आधी घमेल्यातल्या पाण्यात बुडवून बघा."

भिकोबा वारले ते नातीच्या लग्नानंतरच्या संक्रांतीला, न्यूमोनियानं. नळी तोवर गळली नव्हती.